कारांगचं रान कुणाचं?

16 मे 2013 रोजी जकार्तातल्या घटना न्यायालयाने इंडोनेशियाच्या वन कायद्यातला एक शब्द खोडला. 1999च्या त्या कायद्यात व्याख्या अशी होती : परंपरागत जंगल म्हणजे पारंपरिक समाजाच्या क्षेत्रातलं सरकारी जंगल. न्यायालयाने मधला 'नेगारा', म्हणजे 'सरकार' हा शब्द काढून टाकला. उरलं ते एवढंच की परंपरागत जंगल म्हणजे पारंपरिक समाजाच्या क्षेत्रातलं जंगल. दाद मागणाऱ्यांत देशभरातल्या पारंपरिक समाजांची संघटना 'अमान' होती आणि तिच्याबरोबर दोन समाज होते. त्यांतला एक होता जावाच्या पश्चिम टोकाला, बांतेन प्रांतातल्या लेबाक जिल्ह्यातला चिसितू.

पुढे 30 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रपती जोको विडोडो यांनी देशातल्या पहिल्या नऊ समाजांना त्यांच्या जंगलाचे कागद दिले. त्या नवांत कारांग होतं. तेही लेबाकचंच. जागारक्सा या ग्रामपंचायतीतलं हे सुंदानी शेतकऱ्यांचं गाव इंडोनेशियातसुद्धा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जागारक्सामधला 'रक्सा' म्हणजे आपला 'रक्षा'च, त्यामुळे गावाचं नाव आपल्या कानाला परकं वाटत नाही. पण ज्या जमिनीवर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या भात पेरत आले, तिची राखण त्यांना इतकी वर्षं कुणापासून करावी लागली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुंदानी हा जावा बेटाच्या पश्चिम भागातला समाज. 2010च्या जनगणनेत त्यांची संख्या साडेतीन कोटींच्या वर होती, म्हणजे इंडोनेशियात जावानींच्या खालोखाल. जावा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती पायऱ्यापायऱ्यांची, पाण्याने भरलेली भातखाचरं. सुंदानी डोंगराळ मुलुखात मात्र ती उशिरा आली. मूळची शेती 'हुमा', म्हणजे डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, काठीने भोकं पाडून त्यात भात टोकायचं. एकदोन पिकं घेतली की जमीन सोडून द्यायची. पहिलं पीक निघाल्यावर पडीक राहिलेल्या तुकड्याला 'जामी' म्हणतात आणि पुन्हा झाडी माजली की तोच तुकडा 'रेउमा' होतो. बाहेरच्या माणसाला रेउमा म्हणजे नुसतं रान दिसतं. गावातल्या माणसाला ते कुणी तोडलं, त्यातली दुरियनची झाडं कुणाच्या आज्याने लावली, हे सगळं माहीत असतं. ज्याने पहिल्यांदा रान मोडलं त्याच्या घराचा त्या तुकड्यावर पहिला हक्क, हा साधा नियम. कोकणातल्या दळी जमिनींची, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीच्या जमिनींची, कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथून पुढे काय होणार याचा अंदाज आलाच असेल.

हालीमून डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या कारांगसारख्या गावांना 'कासेपुहान' म्हणतात. 'सेपुह' म्हणजे वडीलधारा, तेव्हा कासेपुहान म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी घालून दिलेल्या रीतीने चालणारा समाज. गावकरी स्वतःला 'इंचु-पुतु' म्हणवतात, म्हणजे नातवंडं. जंगलाचे त्यांनी तीन भाग केले आहेत. 'तितिपान' म्हणजे ठेव म्हणून सोपवलेलं रान, त्याला हात लावायचा नाही. 'तुतुपान' म्हणजे झाकून राखलेलं, अडीअडचणीला विचारून वापरायचं. तिसरं 'गारापान', कसायचं. यातला पहिला शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ठेवीचा मालक वेगळाच असतो, आपण फक्त सांभाळणारे. मालकीची ही कल्पना खरेदीखतात बसत नाही.

पेरणी कधी करायची ते आकाश सांगतं. जुनी ओळ आहे : 'तांग्गाल केर्ती काना बेउसी, तांग्गाल किदांग तुरून कुजांग'. केर्ती दिसली की लोखंडाची हत्यारं तयार करा, किदांग दिसला की कोयते बाहेर काढा. केर्ती म्हणजे आपली कृत्तिका. किदांग म्हणजे हरीण, आणि ज्या ताऱ्यांना ते हरीण म्हणतात तिथेच आपणही मृग पाहिला. आपल्याकडे सूर्य मृगात शिरला की पेरणी, म्हणजे तेव्हा मृग दिसत नसतो. तिथे तो पहाटे पूर्वेला उगवलेला दिसावा लागतो.

भात वर्षातून एकदाच. जमीन आई आहे आणि आई वर्षातून एकदाच बाळंत होते, असं कारण सांगतात. सरकारने 1970च्या दशकात बुटक्या जातींचं भात आणून वर्षाला दोन-तीन पिकांचा आग्रह धरला तेव्हाही ही गावं आपल्या उंच, जुन्या वाणांना धरून राहिली. कणसं बोटांत धरायच्या छोट्या पात्याने, 'एतेम'ने, एकेक करून खुडायची, बांबूच्या मांडवावर वाळवायची आणि पेंढ्या बांधायच्या. पेंढीला म्हणतात 'पोचोंग'. उरलेल्या इंडोनेशियात पोचोंग म्हणजे कफनात गुंडाळलेलं भूत, भयपटांतलं लाडकं. बांधणी सारखीच म्हणून नाव सारखं. या गावांत मात्र पोचोंग शब्दाने कुणी दचकत नाही, उलट तो जितका जास्त तितकं घर सुखी.

या पेंढ्या जातात 'लेउइत'मध्ये. खांबांवर उभं केलेलं, वर रुंदावत जाणारं, छपराच्या त्रिकोणात एकच छोटं दार असलेलं हे घरकुल म्हणजे सुंदानी शेतकऱ्याची खरी तिजोरी. शेजारच्या बादुई लोकांच्या कोठारांना खांबावर लाकडाच्या गोल चकत्या असतात, उंदीर वर चढू नये म्हणून. सगळ्यांत आधी 'इंदुंग पारे', म्हणजे आई-भात, आत ठेवायचं, मग बाकीचं. हे भात वर्षानुवर्षं टिकतं. भात म्हणजेच 'न्यी पोहाची' नावाची देवी, तेव्हा भात विकायचं नाही, हा दंडक जुन्या रीतीने चालणाऱ्या गावांत अजून पाळला जातो. घरोघरच्या कोठारांखेरीज एक गावाचं असतं. त्यात प्रत्येक घर सुगीला वाटा टाकतं आणि ज्याचं संपलं तो त्यातून उसनं घेतो. म्हणजे इथे संपत्तीचे थर आहेत : जंगल ठेवीचं, कोठार घराचं आणि गावाचंही, झाड लावणाऱ्याचं. घरसुद्धा बांबूच्या तट्ट्यांचं, सोडवून दुसरीकडे उभं करता येण्यासारखं, त्यामुळे घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची असं असायला हरकत नसे.

बायकोच्या मालमत्तेबद्दल सुंदानी रीत फार स्पष्ट होती. गरीब नवरा सधन बायकोच्या घरी राहायला गेला तर त्याला 'न्यालिंदुंग का गेलुंग' म्हणत, म्हणजे 'अंबाड्याच्या आडोशाला'. आपल्या घरजावयापेक्षा हे जास्त चित्रमय आहे. अशा घरातली मालमत्ता बायकोचीच राहायची. एरवी संसारात दोघांनी मिळून कमावलेलं ते दोघांचं. वारशात मुलगा खांद्यावरच्या कावडीने वाहतो आणि मुलगी डोक्यावरून, म्हणून त्याला दोन ओझी, तिला एक, असा वाक्प्रचार आहे. इस्लामी वाटणीशी तो जुळतो. पण कित्येक आईबाप हयातीतच सारखं वाटून देऊन हा हिशेब टाळत आले.

आता 1856. त्या वर्षी जानेवारीत रांगकासबितुंगला, लेबाकच्या मुख्य ठिकाणी, एदुआर्द डाउवेस डेकर नावाचा डच अधिकारी सहायक रेसिडेंट म्हणून आला. महिन्याभरातच त्याने वर लिहून कळवलं, की इथला बुपाती, म्हणजे डचांच्या हाताखालचा देशी सरदार, रयतेला ठरल्यापेक्षा जास्त वेठीला धरतो आणि त्यांच्या म्हशी फुकट ओढून नेतो. चियांजूरचा बुपाती पाहुणा म्हणून येणार, तर गावच्या मोठ्या मैदानावरचं गवत काढायला डोंगरातून माणसं बोलावली होती, बिनपैशांनी. आज हे वाचताना गवताचं हसू येतं. पण ते दिवस स्वतःच्या शेतातले होते. आणि म्हैस गेली म्हणजे खाचराची नांगरट गेली. जमिनीवर त्या काळी कुणाचा कागद नव्हता, म्हैस हीच काय ती नजरेत भरणारी मालमत्ता, म्हणून ओढून नेली जायची ती म्हैस.

वरिष्ठांना त्याची घाई रुचली नाही. बदलीचा हुकूम आला, त्याने राजीनामा दिला. चौकशीनंतर बुपातीला समज मिळाली, खालच्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. डेकरने 1860 साली मुल्तातुली या टोपणनावाने यावर जी कादंबरी लिहिली तिने हॉलंड हादरलं, हे जगजाहीर आहे. त्याला रीतिरिवाज कळले नाहीत, सरदाराला नजराणा देणं हा जुना शिरस्ता होता, असा आक्षेपही पुढच्या काळात बऱ्याच जणांनी घेतला. आक्षेपात तथ्य आहे. पण शिरस्ता होता म्हणून म्हशीवाल्याला म्हैस परत मिळाली नाही, हेही तितकंच खरं.

खरा घाव मात्र 1870 साली कागदावर बसला. त्या वर्षीच्या जमीन कायद्याबरोबर डच सरकारने जाहीर केलं, की ज्या जमिनीवर कुणाला पूर्ण मालकी सिद्ध करता येणार नाही ती सरकारची. उद्देश उघड होता. मळेवाल्या कंपन्यांना 75 वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन द्यायची तर आधी ती सरकारची हवी. चहा आणि सिंकोना, म्हणजे कोयनेलचं झाड, डोंगर चढू लागले. खाचरवाल्याला निदान बांध दाखवता येत होता. हुमावाल्याने काय दाखवायचं? त्याची निम्म्याहून जास्त जमीन कोणत्याही वेळी पडीकच असणार, हीच तर त्या शेतीची पद्धत. सरकारी वहीत ती 'ओसाड' झाली. विसाव्या शतकात हालीमूनचा बराच भाग राखीव जंगल म्हणून आखला गेला आणि आतली गावं जागच्या जागी राहून जंगलात 'घुसलेली' ठरली. याच दडपणाने, आणि फिरायला रान उरलं नाही म्हणूनही, कासेपुहान गावांनी हळूहळू खाचरं बांधली.

मधली वर्षं भराभर गेली. जपान्यांनी 1943-44मध्ये दक्षिण लेबाकातल्या बायाहच्या कोळशासाठी रेल्वे टाकली, ती वेठीच्या मजुरांच्या जिवावर. स्वातंत्र्य आलं. 1960च्या मूलभूत जमीन कायद्याने 'उलायात', म्हणजे समाजाचा सामायिक हक्क, मान्य केला, पण राष्ट्रहिताशी सुसंगत असेल तर, अशी पुस्ती जोडून. ती पुस्ती पुढे फार ताणली गेली. हालीमूनमधलं कसण्याचं रान आधी सरकारी वन कंपनीकडे गेलं, मग 1992 साली सुमारे 40,000 हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2003 साली ते साधारण 1,13,000 हेक्टरांपर्यंत वाढवलं. कारांगची खाचरं आणि दुरियनची झाडं या वाढीव रेघेच्या आत आली.

सुंदानी खेड्यात जमिनीचा कागद म्हणून जे काही असतं ते बहुतेक वेळा 'लेटर सी'चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वहीतली नोंद, नाहीतर 'गिरिक', शेतसाऱ्याची पावती. क्षेत्र 'तुंबाक'मध्ये. एक तुंबाक साधारण 14 चौरस मीटर, म्हणजे आपल्या एका गुंठ्यात सात तुंबाक. गिरिक हा कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. आपल्या सातबाऱ्याबद्दल न्यायालयं हेच सांगत आली आणि आपणही सातबारा म्हणजेच जमीन असं मानत आलो, त्यामुळे तिथला गोंधळ समजायला मराठी माणसाला वेळ लागू नये. सरकारने सारा घेतला म्हणजे सरकारने आपल्याला मालक मानलं, हा शेतकऱ्याचा तर्क चुकीचा कसा म्हणायचा? 2021च्या नियमाने या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत घातली. फेब्रुवारी 2026 नंतर ते मालकीचा पुरावा म्हणून धरायचे नाहीत, फार तर नोंदणी करताना दुवा म्हणून.

लेबाक जिल्ह्याने या बाबतीत वाट आधीच पाडली होती. 2001 साली जिल्हा परिषदेने बादुईंच्या 5,136 हेक्टरांवरचा उलायात हक्क नियमाने मान्य केला. कासेपुहान गावं राष्ट्रीय उद्यानात अडकलेली, त्यामुळे त्यांचं घोडं अडलं. ते चिसितूच्या खटल्याने सुटलं. 2015 साली जिल्ह्याने कासेपुहान समाजांना मान्यता देणारा नियम केला आणि त्याच्या आधारावर पुढच्या वर्षी कारांगला 486 हेक्टर परंपरागत जंगल मिळालं. नऊही समाजांचं मिळून ते जेमतेम 13,000 हेक्टर होतं. इंडोनेशियाच्या मानाने हे किती थोडं, ते नकाशा पाहिला की कळतं.

कारांगला मिळालेला आदेश सगळ्या गावाच्या नावाने आहे. ते रान विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही. 486 हेक्टरांची बाहेरची हद्द त्यात आखली आहे. आत कुणाचं खाचर कुठे संपतं आणि कोणत्या दुरियनची फळं कुणी उतरवायची, हे त्यात नाही. ते अजून बांध, ओहोळ आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीवर ठरतं.