प्रतिमा-संयोजन

प्रतिमा-संयोजन : एका प्रतिमेतील निवडलेला भाग उचलून दुसऱ्या प्रतिमेत बसविण्याची क्रिया, तसेच त्या क्रियेतून तयार झालेली प्रतिमा. संगणकावर हे काम ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’ या आज्ञांनी होते. त्या सर्वपरिचित असल्याने येथे कृती दिलेली नाही. एखादा भाग त्याच प्रतिमेत दुसऱ्या जागी चिकटविणे (उदा., विरळ गर्दी दाट दाखविणे) हा प्रकार जवळचा आहे, पण त्यात दोन्ही भागांचा कॅमेरा, प्रकाश व दाणा (छायाचित्रातील बारीक रवाळपणा) एकच असल्याने तपासणीच्या शास्त्रात तो वेगळा मोडतो. दोन प्रतिमांच्या जोडणीत खरी अडचण भाग उचलण्याची नसून त्याची कड नव्या पार्श्वभूमीत मिसळण्याची असते. या तंत्रातील बहुतेक शोध त्या कडेसाठीच लागले आहेत.

छायाचित्रणातील उगम : पहिली संयुक्त छायाचित्रे एका उणिवेतून निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या, कलोडियन या द्रावणाचा थर दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई व ढग नाहीसे होत. ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह वापरावी, ही सूचना सामान्यतः ईपोलित बायार यांच्याकडे, १८५०–६० या दशकाच्या आरंभी, नेली जाते. गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक व आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडून सागरदृश्ये छापली. मात्र त्यांची सर्वच सागरदृश्ये अशी जोडलेली नाहीत. जोड क्षितिजावर घेतला जाणे साहजिकच होते. निसर्गदृश्यात तेवढी एकच सरळ, सलग आणि लपविण्यास सोपी रेषा असते.

ऑस्कर गुस्ताव्ह रेलांडर यांनी ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे तीसहून अधिक निगेटिव्हचे चित्र १८५७ मध्ये मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात मांडले. प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे टिपून, कागदाचा बाकीचा भाग झाकून, एकामागून एक छापलेली होती. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांचे पाच निगेटिव्हचे ‘फेडिंग अवे’ आले. मृत्युशय्येवरील मुलीचे ते चित्र अनेकांना खरेच वाटले आणि जोडलेले आहे हे कळल्यावर काही जण चिडले. ‘पहिले संयुक्त छायाचित्र’ हा मान अनेक ग्रंथ रेलांडर यांना देतात. आकृत्या रचून केलेले पहिले मोठे चित्र या अर्थी ते मान्य करता येते. निव्वळ दोन निगेटिव्हची जोड हा निकष धरल्यास ल ग्रे यांचे काम आधीचे ठरते आणि तो निकष अधिक काटेकोर वाटतो.

कलेच्या हेतूने सुरू झालेले हे तंत्र लवकरच राजकारणात आले. पॅरिस कम्यून या बंडखोर नगरसत्तेच्या पाडावानंतर यूजीन आपेर यांनी १८७१ मध्ये नटांकडून प्रसंग उभे करवून त्यांवर कम्यूनमधील व्यक्तींचे चेहरे चिकटविले आणि ते सारे पुन्हा छायाचित्रित करून विकले. अब्राहम लिंकन यांचे एक प्रसिद्ध उभे चित्र प्रत्यक्षात जॉन कॅल्हून या अमेरिकी राजकारण्याच्या कोरीव चित्रावर लिंकन यांचे डोके बसवून केलेले आहे. अमेरिकी यादवी युद्धातील जनरल ग्रँट सिटी पॉइंट येथे घोड्यावर बसलेले दाखविणारे, १९०२ च्या सुमाराचे छायाचित्र तीन वेगवेगळ्या छायाचित्रांतून तयार झाल्याचे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सिद्ध झाले. डोके ग्रँट यांचे, घोडा व धड दुसऱ्या एका सेनाधिकाऱ्याचे आणि पार्श्वभूमी युद्धकैद्यांच्या छावणीची होती.

फोटोमोंताजचा वाद : छापील चित्रे कात्रीने कापून उघडपणे चिकटविण्याच्या कलाप्रकाराचे जनकत्व कोणाकडे, याविषयी एकमत नाही. जर्मन कलावंत गेओर्ग ग्रोस यांनी आपण व जॉन हार्टफील्ड यांनी १९१६ मध्येच त्याचा शोध लावल्याचे पुढे सांगितले. बर्लिनमधील कलावंत राऊल हाऊसमान यांच्या सांगण्यानुसार ही कल्पना त्यांना १९१८ च्या उन्हाळ्यात हाना होख यांच्यासह बाल्टिक किनाऱ्यावर असताना सुचली. तेथील घरांत लष्करी सेवेची स्मरणचित्रे टांगलेली असत. त्यांतील सैनिकाची छापील आकृती सर्वांना सारखीच असे, फक्त त्या-त्या घरातील तरुणाच्या छायाचित्रातील चेहरा तिच्यावर चिकटविलेला असे. तिसरा दावा रशियातील गुस्ताव्ह क्लुत्सिस यांचा आहे. त्यांचे ‘डायनॅमिक सिटी’ साधारणपणे १९१९ चे मानतात. तिन्ही दावे मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभे आहेत. ग्रोस यांची आठवण फारच नाट्यमय आहे. हाऊसमान यांचा वृत्तांत अधिक पटण्याजोगा वाटतो, कारण तो शोधाचा मान घेतानाच आधीपासून चालत आलेल्या लोकप्रचारातील पद्धतीचे ऋण मान्य करतो. या कलावंतांचे वेगळेपण कृतीत नव्हते. पूर्वीचे छायाचित्रकार जोड लपवीत आणि यांनी तो दिसू दिला.

चित्रपटात हलत्या आकृतीभोवती हलती कड कापावी लागते. फ्रँक विल्यम्स यांनी १९१८ मध्ये अशा ‘फिरत्या मॅट’चे (आकृतीबरोबर बदलत जाणाऱ्या, बाकीचा भाग झाकणाऱ्या मुखवट्याचे) पेटंट घेतले. निळ्या पडद्यापुढे चित्रण करून पार्श्वभूमी वजा करण्याच्या पद्धतीला पेत्रो व्लाहोस यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जे रूप दिले, त्यामुळे केस, धूर आणि काच यांसारख्या अर्धपारदर्शक गोष्टीही बऱ्यापैकी सुटू लागल्या.

संगणकावरील संयोजन : ‘कट’, ‘कॉपी’ व ‘पेस्ट’ ही रीत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यास मजकुरासाठी बसविली. चित्रांसाठी ती घरगुती संगणकावर रुळली, ती १९८४ च्या मॅकपेंट या चित्र काढण्याच्या प्रोग्रामपासून. मॅकपेंटमध्ये ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच असल्याने कापलेली कड नेहमीच खडबडीत येई. फोटोशॉप १९९० मध्ये आले. पण चिकटविलेला भाग स्वतंत्र थरावर राहण्याची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. तोपर्यंत निवड सोडली की भाग खालच्या चित्रात कायमचा मुरत असे.

अल्फा व कडेचे गणित : कडेवरच्या पिक्सेलमध्ये वस्तू व पार्श्वभूमी दोन्हींचा अंश असतो. तो पूर्ण घेतला तर जुन्या पार्श्वभूमीची किनार सोबत येते, पूर्ण सोडला तर कड दातेरी होते. यावरचा उपाय म्हणजे लाल, हिरवा व निळा या मूल्यांसोबत चौथे मूल्य साठविणे : त्या पिक्सेलचा किती भाग वस्तूने व्यापला आहे ते. हे ‘अल्फा’ एडविन कॅटमल व ॲल्व्ही रे स्मिथ यांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मांडले. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये त्याचे बीजगणित बांधले व बारा क्रिया सांगितल्या. त्यांतील ‘ओव्हर’ ही क्रिया म्हणजेच साधे पेस्ट :

नवा रंग = अल्फा × वरचा रंग + (१ − अल्फा) × खालचा रंग

रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवले तर पहिला गुणाकार वाचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिमा लहान-मोठी करताना पारदर्शक पिक्सेलमधील निरर्थक रंग कडेत उतरत नाही. पारदर्शक भागात काळा किंवा पांढरा रंग साठवलेला असेल, तर कापलेल्या आकृतीभोवती दिसणारी बारीक किनार बहुधा या गुणाकाराचा घोटाळा झाल्याने येते.

या गणितात एक गृहीतक आहे, ते पाठ्यपुस्तकांत अनेकदा सुटते. एकावर एक आलेल्या दोन कडा पिक्सेलमध्ये एकमेकींशी असंबद्ध रीतीने पसरल्या आहेत, असे ‘ओव्हर’ मानते. निम्म्या व्याप्तीचे दोन तुकडे एकत्र केल्यास ते ०.७५ देते. पण एकाच रेषेवर कापलेले दोन तुकडे परत शेजारी लावले, तर खरी व्याप्ती १ असते. उरलेल्या ०.२५ मधून मागचा रंग डोकावतो आणि केसाएवढी फट दिसते.

दुसरा दोष प्रकाशमापनाचा. साठवलेली पिक्सेल मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. पांढरा (२५५) व काळा (०) यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साठवलेल्या मूल्यांवर केल्यास सुमारे १२८ येते. ते पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के प्रकाशाएवढे आहे. खऱ्या निम्म्या प्रकाशाला सुमारे १८८ हे मूल्य लागते. त्यामुळे अनेक लोकप्रिय साधनांत मऊ कडा असाव्यात त्याहून काळपट येतात.

उलट प्रश्न, म्हणजे तयार छायाचित्रातून अल्फा शोधणे, याहून कठीण. प्रत्येक पिक्सेलला समीकरणे तीन आणि अज्ञाते सात : वस्तूचा रंग, पार्श्वभूमीचा रंग व अल्फा. पार्श्वभूमी माहीत असली तरी अज्ञाते चार उरतात. स्मिथ व जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखविले, की वस्तू न हलविता दोन भिन्न ज्ञात पार्श्वभूमींवर टिपल्यास उत्तर नेमके निघते. इतर सर्व पद्धती काही ना काही अंदाज करतात.

सांधा बुजविणे : पीटर बर्ट व एडवर्ड ॲडेलसन यांनी १९८३ मध्ये प्रतिमा बारीक ते ढोबळ तपशिलांच्या पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या रुंदीत मिसळण्याची पद्धत दिली. पात्रिक पेरेझ, मिशेल गँग्ने व अँड्र्यू ब्लेक यांची २००३ ची पद्धत आणखी पुढे जाते. तीत उचललेल्या भागाचे रंग नेत नाहीत, शेजारच्या पिक्सेलमधील फरक तेवढे नेतात. कडेवरचे रंग नव्या चित्राचे धरून प्वासाँ समीकरण (कडेवरची मूल्ये व आतले फरक यांवरून आतली मूल्ये काढणारे) सोडवितात आणि आतले रंग त्यातून ठरतात. सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. मात्र कड एखाद्या गडद वस्तूवरून गेली, की तिचा रंग आत पाझरून चेहरा हिरवा-निळा होऊ शकतो.

कड साधली तरी जुळवाजुळव उरते. चिकटविताना प्रतिमेची पिक्सेलसंख्या येते, छपाईसाठी नोंदलेली घनता नव्हे. त्यामुळे मोठ्या छायाचित्रातला चेहरा लहान चित्रात अवाढव्य दिसतो. रंगप्रोफाइल (साठवलेल्या आकड्यांनी नेमके कोणते रंग दाखवायचे, याची नोंद) वेगळे असल्यास रंग फिके किंवा भडक होतात. जमिनीवर टेकणारी सावली मात्र कोणत्याही पेस्टसोबत आपोआप येत नाही.

गैरवापर व तपासणी : वृत्तछायाचित्रणात दोन क्षण जोडणे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. मार्च २००३ मध्ये लॉस एंजलिस टाइम्सच्या छायाचित्रकाराने इराकमधील दोन छायाचित्रे जोडून एक केले. पार्श्वभूमीतील काही माणसे दोनदा दिसत असल्याने ते उघडकीस आले व त्याला कामावरून काढण्यात आले. २००४ च्या अमेरिकी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी व व्हिएतनाम युद्धाला विरोध केलेल्या अभिनेत्री जेन फोंडा एकाच मंचावर असल्याचे चित्र पसरले. त्यातील दोन मूळ छायाचित्रे १९७१ व १९७२ ची, वेगवेगळ्या सभांची होती. विज्ञानपत्रिकांतही हा प्रश्न आहे. जैववैद्यक विषयांतील २०,६२१ शोधनिबंधांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३.८ टक्क्यांत प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. त्यातली किती हेतुपुरस्सर होती, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

तपासणीच्या पद्धती प्रतिमेतील विसंगती शोधतात. मायका जॉन्सन व हॅनी फरीद यांनी २००५ मध्ये वस्तूच्या बाह्यरेषेवरून प्रकाशाची दिशा काढली. बाह्यरेषेवर पृष्ठभागावरचा लंब दृष्टिरेषेशी काटकोनात असल्याने पृष्ठभागाचा रोख चित्रातूनच कळतो. जेपीजीमध्ये प्रतिमा ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत संकुचित होते; बाहेरून आलेल्या भागाची चौकट बहुधा सरकलेली असते किंवा तो दोनदा संकुचित झाल्याच्या खुणा राहतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या संवेदकाचा ठरावीक सूक्ष्म गोंगाटही (रंगमूल्यांतील बारीक चढउतार) बोटांच्या ठशासारखा वापरतात. प्रतिमा लहान करून पुन्हा साठविली, की यातील बऱ्याच खुणा पुसट होतात. म्हणून २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सी-टू-पी-ए (कोअलिशन फॉर कन्टेन्ट प्रॉव्हेनन्स अँड ऑथेन्टिसिटी) या संयुक्त मंचाने उलट मार्ग धरला आहे : प्रतिमा कोठून आली व तिच्यात काय बदलले, याची सही केलेली नोंद फाइलसोबत ठेवायची. प्रतिमेचा स्क्रीनशॉट घेतला, की ही नोंद नव्या फाइलमध्ये जात नाही.