रेल्वे स्टेशनवर फोटो, रील, प्री-वेडिंग शूट: परवानगी कधी लागते, अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती

स्टेशनवर फोटो काढायला परमिशन लागते का असं विचारलं की एक जण सांगतो सक्त मनाई आहे, दुसरा सांगतो बिनधास्त काढ कोणी विचारत नाही, आणि दोघांचंही अर्धवटच बरोबर असतं. फोटो कोणासाठी काढताय, सोबत सामान आणि माणसं किती आहेत आणि तुम्ही नेमके कुठे उभे आहात, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. त्यातली तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लोक अडकतात ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे.

आधी साधा प्रकार. गावी निघालाय, प्लॅटफॉर्मवर घरच्यांसोबत मोबाइलवर फोटो काढला, गाडी येताना व्हिडिओ घेतला, स्टेशनच्या पाटीसोबत सेल्फी काढला. यासाठी कोणी अर्ज करत बसत नाही, आणि आता तर रेल्वेनेच बऱ्याच स्टेशनांवर सेल्फी पॉइंट उभे केलेत. फक्त तुमच्याकडे प्रवासाचं तिकीट किंवा प्लॅटफॉर्म तिकीट हवं. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं, खिडकीवर किंवा मोबाइल ॲपवरून काढता येतं. दोन तास उलटून गेल्यावर टीसीने धरलं तर फोटो काढत होतो हे कारण चालत नाही. आणि दिवाळी, छटपूजेच्या गर्दीत मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म तिकीटविक्री काही दिवस बंद ठेवतात, त्या दिवसांत फोटोसाठी मुद्दाम जाऊच नका, तिथे उभं राहायलाही जागा नसते.

पण स्टेशन ही रेल्वेच्या ताब्यातली जागा आहे, सार्वजनिक रस्ता नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. ड्युटीवरचा स्टेशन मास्तर किंवा आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान इथे काढू नका म्हणाला तर थांबायचं. सिग्नल केबिन, कंट्रोल रूम, तिकीट ऑफिसच्या आतला भाग, सुरक्षा तपासणीची जागा, इंजिनाची किंवा मोटरमनची केबिन, यांचे फोटो विचारल्याशिवाय नको. समोरून येणाऱ्या गाडीवर रात्री फ्लॅश तर अजिबात मारू नका, लोको पायलटच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो आणि त्याची नजर त्या वेळी सिग्नलवर असायला हवी.

आता जागेचं. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत बेकायदा घुसण्याबद्दल आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्लॅटफॉर्मवरून खाली उतरून रुळांच्या मधोमध उभं राहून काढलेला फोटो याच कलमात बसतो, मग ती लाइन कितीही सुनसान असली तरी. दरवाजात लटकून, पायरीवर बसून किंवा टपावर चढून शूट केलं तर कलम १५६ आहे, आणि रुळावर काही ठेवून वगैरे गाडीलाच धोका होईल असं मुद्दाम केलं तर कलम १५३, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वे बोर्डाने सगळ्या झोनना, म्हणजे मध्य, पश्चिम अशा रेल्वेच्या प्रादेशिक शाखांना सांगितलं की गाड्यांची आणि प्रवाशांची सुरक्षा धोक्यात आणून रील करणाऱ्यांवर सरळ एफआयआर करा, म्हणजे आता समज देऊन सोडतील या भरवशावर राहू नका.

दूधसागरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२३ च्या जुलैमध्ये पावसात धबधबा बघायला आणि फोटो काढायला शेकडो लोक रुळांवरून चालत निघाले, आरपीएफने अडवून कित्येकांना उठाबशा काढायला लावल्या आणि दक्षिण पश्चिम रेल्वेने जाहीर केलं की धबधब्याचं सौंदर्य डब्यात बसूनच बघा. जागा सुंदर आहे यात वादच नाही, पण घाटातला रूळ वळणाचा असतो, पावसात पाण्याच्या आवाजात गाडीचा आवाज ऐकू येत नाही आणि बाजूला उडी मारायला जागा नसते. खंडाळ्याच्या घाटातही हेच.

आणि वरची वायर. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, मुंबईच्या लोकललाही आता तेच आहेत, पूर्वीचे १५०० व्होल्ट डीसी केव्हाच गेले. या वायरला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलात तरी करंट उडी मारून येतो. उभ्या मालगाडीच्या वॅगनवर चढून फोटो काढायला गेलेली पोरं भाजून मेल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि वाचून पोटात तुटतं, सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात हो. पादचारी पुलावरून लांब सेल्फी स्टिक किंवा काठीला लावलेला कॅमेरा वायरच्या दिशेने बाहेर काढणंही तितकंच जीवघेणं आहे. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागे राहा, तिथूनही गाडीचे उत्तम फोटो येतात, वळणावरचं प्लॅटफॉर्म निवडा म्हणजे अख्खी गाडी फ्रेममध्ये येते.

माणसांचे फोटो हा वेगळा विषय आहे. प्लॅटफॉर्मवर झोपलेला हमाल, डब्यात बाळाला पाजणारी बाई, खिडकीत बसलेली मुलगी, यांना न विचारता क्लोजअप घेऊ नका, नको म्हणाले तर डिलीट करा. महिलांच्या डब्यात कॅमेरा रोखणं तर सोडूनच द्या, महिलेच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेत कलम ७७ खाली गुन्हा आहे. अपघात झाला असेल तर मोबाइल खिशात ठेवा आणि १३९ ला फोन करा, मदतीसाठी आणि सुरक्षेसाठी हाच एक नंबर आहे.

आता अर्जाकडे येऊ. प्री-वेडिंग, मॉडेल शूट, जाहिरात, कपड्यांच्या ब्रँडचे फोटो, म्युझिक व्हिडिओ, शॉर्ट फिल्म, वेब सिरीज, कॉलेजचा प्रोजेक्ट, किंवा ट्रायपॉड-लाइट-रिफ्लेक्टर घेऊन चार-पाच माणसांची टीम येणार असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. हौशी फोटो म्हणून आत शिरायचं आणि मग ड्रोन-गिंबल काढायचं, असं करणाऱ्यांमुळेच साध्या फोटोग्राफरलाही हटकलं जातं.

परवानगी देतात त्या झोनचे मुख्य जनसंपर्क अधिकारी, म्हणजे सीपीआरओ. गोंधळ इथेच होतो, कारण महाराष्ट्रात एक झोन नाही. मुंबई सीएसएमटी, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर हे विभाग मध्य रेल्वेचे, मुख्यालय सीएसएमटी. चर्चगेट ते डहाणू आणि वर नंदुरबार पश्चिम रेल्वेचं, मुख्यालय चर्चगेट. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद. गोंदिया आणि नागपूरचं इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, मुख्यालय बिलासपूर. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे, तिचं ऑफिस बेलापूरला, आणि मडगावही तिच्याकडेच, पण वास्को आणि कुळे दक्षिण पश्चिम रेल्वेचे. शूटिंगवाल्यांचं आवडतं आपटा स्टेशन पनवेल-रोहा मार्गावर आहे, लोक त्याला कोकण रेल्वेचं समजतात पण ते मध्य रेल्वेचं आहे. दादरला तर पश्चिम आणि मध्य दोन्ही आहेत, कुठल्या प्लॅटफॉर्मवर शूट आहे ते बघूनच अर्ज करा. एकाहून जास्त झोनमध्ये फिल्म शूट करायची असेल तर विषय रेल्वे बोर्डाकडे दिल्लीला जातो. सिनेमा-सिरीजवाल्यांसाठी केंद्र सरकारचं इंडिया सिने हब हे एक खिडकी पोर्टलही आहे. मेट्रो आणि मोनोचा यात काही संबंध नाही, त्यांची परवानगी त्या त्या मेट्रो कंपनीकडे.

कागदपत्रं म्हणाल तर साधारण अशी तयारी ठेवा: अर्ज, अर्जदाराचं आधार आणि पॅन, कंपनी असेल तर नोंदणी आणि जीएसटीचे कागद, टीममधल्या सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती, सामानाची यादी, आणि फिल्म असेल तर कथेचा सारांश आणि स्टेशनवर घडणाऱ्या प्रसंगांची पूर्ण स्क्रिप्ट. स्क्रिप्ट रेल्वेवाले खरंच वाचतात, रुळावरून पळणं, चालत्या गाडीत चढणं, रेल्वेची बदनामी असं काही दिसलं की प्रश्न येतात, म्हणून ते प्रसंग नीट समजावून लिहा. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा, त्याने खूप फरक पडतो. मोठ्या शूटला लायसन्स फी, सुरक्षा अनामत, विमा, स्टॅम्प पेपरवर करार आणि नुकसान झालं तर भरून देण्याचं हमीपत्र हे सगळं लागतं. गाडी किंवा डबे हवे असतील तर त्याचे पैसे वेगळे. फी शूटच्या प्रकारावर आणि स्टेशनवर अवलंबून असते, ती जनसंपर्क ऑफिसातूनच विचारून घ्या, एजंटच्या तोंडी रकमेवर विश्वास नको, आणि पैसे भरले की रेल्वेची पावती घ्याच.

अर्ज आज दिला आणि उद्या शूट असं होत नाही. ऑपरेटिंग, कमर्शियल, सुरक्षा, सगळ्यांकडे फाइल फिरते, त्यामुळे साधं शूट असलं तरी काही आठवडे हातात ठेवा. वेळ मागताना सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून दुपारची किंवा रात्री उशिराची मागा, मंजुरी मिळायला सोपं जातं. परवानगीपत्र आल्यावर ते घेऊन आधी स्टेशन मॅनेजर आणि आरपीएफ चौकीत भेटून या. त्या दिवशी रेल्वेचा माणूस सोबत असेल तर तो सांगेल तिथेच थांबायचं, प्रवाशांची वाट अडवायची नाही, वायरी जमिनीवर पसरायच्या नाहीत, आणि अनाउन्समेंट बुडेल इतका स्पीकर लावायचा नाही. अंध प्रवाशांना त्या अनाउन्समेंटवरच गाडी कळते.

फक्त सीएसएमटीची इमारतच हवी असेल तर आत जायची गरजच नाही. १८८८ मध्ये पूर्ण झालेली आणि २००४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली ती इमारत समोरच्या रस्त्यावरून, महापालिका मुख्यालयासमोरच्या सेल्फी गॅलरीतून सगळ्यात छान दिसते, रात्री रोषणाईत तर बघतच राहावं. आत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, तिथे हेरिटेज म्युझियमची भेट घेता येते, पण ऑफिसांच्या जिन्यांवर कॅमेरा घेऊन फिरता येत नाही. ड्रोनसाठी मात्र रेल्वेची परवानगी वेगळी, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे एअरस्पेस, म्हणजे तिथल्या आकाशात ड्रोन उडवायला मुभा आहे का ते वेगळं बघायचं आणि मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही असतात, तिन्हीकडून मोकळीक नसेल तर ड्रोन घरीच ठेवा.

कोणी अडवलं तर आवाज न चढवता तिकीट, ओळखपत्र, पत्र दाखवा. आरपीएफ केंद्राची आणि जीआरपी राज्याचे रेल्वे पोलीस, समोर कोण आहे ते बघून बोला आणि पटत नसेल तर स्टेशन मॅनेजरकडे चला असं म्हणा. जागेवर रोख पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नका.

अर्ज लिहायला अवघड नाही: "प्रति, मुख्य जनसंपर्क अधिकारी, मध्य रेल्वे, सीएसएमटी, मुंबई. विषय: वाठार स्टेशनवर स्थिर छायाचित्रणासाठी परवानगीबाबत." खाली उद्देश, तारीख, वेळ, प्लॅटफॉर्म नंबर, माणसं किती, सामान कोणतं, गाडी हवी की नको, फोटो कुठे वापरणार आणि आम्ही रुळांवर उतरणार नाही असं एक स्पष्ट वाक्य. पर्यायी तारीखही द्या, आणि सहीखाली चालू असलेला मोबाइल नंबर, शंका असली की ऑफिसातून त्याच नंबरवर फोन येतो.