द्वेषचिन्ह प्रदर्शनबंदी कायदे

वंशद्वेषी वा अतिरेकी संघटनांची चिन्हे, ध्वज, गणवेश, घोषणा व अभिवादने यांचे सार्वजनिक प्रदर्शन दंडनीय ठरविणारे कायदे. नाझी चिन्हे हा त्यांचा मुख्य विषय; पूर्व युरोपातील काही देशांत साम्यवादी राजवटींची चिन्हेही त्यांत येतात.

उगम : हे कायदे सर्वसाधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतरचे मानले जातात. प्रशिया या जर्मन राज्यात १९३० मध्ये नाझींच्या तपकिरी सदऱ्यांच्या गणवेशावर आणि ब्रिटनमध्ये १९३६ च्या कायद्याने राजकीय गणवेशांवर बंदी आली होती. परंतु तिचा रोख रस्त्यावरच्या निमलष्करी शक्तिप्रदर्शनावर होता. त्यामुळे त्या बंदीला या कायद्यांची थेट पूर्वपीठिका म्हणणे काहीसे ताणलेले वाटते.

जर्मन दंडसंहितेचे कलम ८६-अ (१९६८) हा या कायद्यांचा नमुना समजला जातो. त्याचे मूळ अनेकदा १९५९ च्या नाताळात कोलोन येथील सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) स्वस्तिके रंगविल्याच्या घटनेत शोधले जाते. तथापि नाझी संघटनांची चिन्हे वापरण्यास १९५३ च्या सभाविषयक कायद्यातच मनाई होती व १९६० मध्ये ती दंडसंहितेत आली. तेव्हा कोलोनच्या घटनेमुळे मूळ बंदी जन्मली नाही, तिला दंडसंहितेत स्थान मिळण्यास गती आली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

कलम ८६-अ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होतो. आरोपीचा प्रचाराचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. मूळ चिन्हाशी गल्लत होईल इतके साम्य असलेले चिन्हही गुन्ह्यात येते. कला, संशोधन, अध्यापन, वार्तांकन इत्यादींना सूट आहे. हेतू गौण ठरल्याने एक चमत्कारिक स्थिती उद्भवली : खोडलेले स्वस्तिक छापलेल्या नाझीविरोधी वस्तू विकणाऱ्यालाच श्टुटगार्टच्या न्यायालयाने दोषी धरले. संघीय न्यायालयाने २००७ मध्ये तो निकाल रद्द केला व विरोध स्पष्ट दिसत असल्यास गुन्हा होत नाही, असे ठरविले.

मर्यादा : वायनाय विरुद्ध हंगेरी (२००८) या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने साम्यवादी चिन्ह म्हणून बंदी असलेला लाल तारा लावल्याबद्दलची शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरविली. ताऱ्याला अनेक अर्थ असून तो कामगार चळवळीचेही चिन्ह आहे, हे त्यामागील महत्त्वाचे कारण होते. हेच तर्कशास्त्र स्वस्तिकाला लागू करावे का, हा वाद अधिक नाजूक आहे. संपूर्ण युरोपीय संघात स्वस्तिकबंदी आणण्याची कल्पना २००७ मध्ये मागे पडली, त्यात हिंदू संघटनांच्या आक्षेपाचाही वाटा असावा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ च्या कायद्यात हिंदू, बौद्ध व जैन यांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली.

अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीमुळे अशी सरसकट बंदी टिकत नाही. व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक (२००३) या निकालानुसार धमकावण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यास (कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेची प्रथा) मात्र राज्यांना मनाई करता येते. ब्राझीलमध्ये नाझीवादाच्या प्रसारासाठी स्वस्तिक वापरणे गुन्हा आहे.