रीसेट दाबला तरी लाल दिवा का जात नाही?

हॉटेलच्या गॅस बँकेशी, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडून ठेवतात तिथे, बसवलेल्या गॅस डिटेक्शन पॅनेलबद्दल (गळती हुंगणाऱ्या डिटेक्टरांना जोडलेल्या अलार्मच्या पेटीबद्दल) एक तक्रार हमखास ऐकू येते: हूटर बंद होतो, पण लाल दिवा जात नाही, रीसेट कितीही दाबा, पॅनेल दाद देत नाही. अशा वेळी पॅनेलच बिघडलं असं धरून चालणं धोक्याचं असतं.

एलपीजी हवेत साधारण 2 ते 9 टक्के असेल तरच पेट घेतो. यातल्या खालच्या मर्यादेला एलईएल म्हणतात आणि पॅनेलवरचा आकडा तिच्या टक्केवारीत असतो. म्हणजे पॅनेलवर 20 दिसले तर हवेत गॅस 20 नव्हे, जेमतेम 0.4 टक्के असतो. बऱ्याच ठिकाणी पहिला अलार्म 20 वर आणि दुसरा 40 वर लावतात. पहिल्याला हूटर वाजतो, दुसऱ्याला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, गॅसची लाइन बंद करतो.

म्यूटचं बटण फक्त हूटर गप्प करतं. व्हॉल्व्ह बंदच राहतो, दिवाही तसाच. रीसेट दाबल्यावर पॅनेल आधी आत्ताचा आकडा बघतं. तो अजून मर्यादेच्या वर असेल तर अलार्म हलत नाही. उलट गॅस निवळला तरी कोणी येऊन रीसेट दाबेपर्यंत दुसरा अलार्म सहसा धरून ठेवलेला असतो. रात्री गळती होऊन पहाटे हवा खेळती झाली, तर सकाळी आलेल्या माणसाला ते कळायला नको का?

अलार्म असा धरून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अनेक डिटेक्टरांत एक तापलेला बारीक मणी असतो. गॅस त्याच्यावर जळतो, मणी आणखी तापतो, त्याचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून आकडा ठरतो. पण जळायला ऑक्सिजन लागतो. गॅस फारच साचला तर ऑक्सिजन अपुरा पडतो, जळणं मंदावतं आणि आकडा चक्क खाली येतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. डिटेक्टरही तिथेच असतो. तेव्हा 100 वर जाऊन उतरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. चांगली पॅनेलं अशा वेळी आकडा 100 च्या वरच अडकवून ठेवतात. आत पाऊल टाकण्याआधी वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या, उदाहरणार्थ इन्फ्रारेड, मीटरने बाहेरूनच खात्री करायची.

पॅनेल रीसेट झालं तरी हाताने उघडायचा व्हॉल्व्ह आपोआप सुरू होत नाही, याचाही लोकांना राग येतो. गॅसची लाइन बंद झाली तेव्हा शेगड्या विझल्या, पण त्यांच्या चाव्या उघड्याच राहिलेल्या असू शकतात. आधी एकेक चावी बंद करायची, मग व्हॉल्व्ह.

पिवळा दिवा गॅसचा नव्हे, बिघाडाचा. डिटेक्टर 4 ते 20 मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतो आणि शून्य गॅसला 4 येतात. वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो, म्हणून पॅनेलला 'गॅस नाही' आणि 'डिटेक्टरच नाही' यातला फरक कळतो. सिलिकॉनच्या वाफांनी मणी निकामी झाला तर मात्र पिवळा दिवाही लागत नाही. आकडा निमूट शून्य दाखवत राहतो. पॅनेलवरचं टेस्टचं बटण बहुधा दिवे आणि हूटरच तपासतं. मणी तपासायला डिटेक्टरवर प्रत्यक्ष टेस्ट गॅस सोडावा लागतो. तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह बंद होऊ नये म्हणून तंत्रज्ञ इनहिबिट लावतो, म्हणजे अलार्मने व्हॉल्व्ह बंद करणं तात्पुरतं रोखून धरतो. तो जाण्याआधी इनहिबिट काढलाय ना, हे त्याच्यासमोरच बघून घ्यावं.