प्रोजेक्ट डेटाबेस : लोकल ड्राइव्हवर की नेटवर्कवर

इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे ड्रॉइंग म्हणजे नुसत्या रेघा नसतात, मागे डेटाबेस चालू असतो, कॉन्टॅक्टरची (म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचची) कॉइल पान ५ वर आणि त्याचाच एनओ म्हणजे एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट पान १२ वर असला तर दोन्ही एकाच नगाचे आहेत हे त्यालाच माहीत असतं. हा डेटाबेस स्वतःच्या पीसीवर ठेवायचा की सर्व्हरवर, यावर कामाचा स्पीड पण ठरतो आणि डेटा सेफ राहणं पण.

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. ईप्लॅन इलेक्ट्रिक पी८ मधे डॉट ईएलके फाइल ही फक्त दारावरची पाटी, खरा माल शेजारच्या डॉट ईडीबी फोल्डरमधे, म्हणून कुणी नुसती ईएलके मेल केली तर समोरच्याला काहीच उघडत नाही, द्यायचं तर बॅकअप काढून झेडडब्ल्यू१ फाइल द्यायची. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमधे ड्रॉइंग साध्या डीडब्ल्यूजी असतात, त्या सर्व्हरवर राहू शकतात आणि त्यांच्यावरून बनणारा कामचलाऊ डेटाबेस युजरच्या पीसीवर, तो बिघडला तरी परत बनवता येतो. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर वापरतं, तिथे एकाच वेळी अनेकांनी काम करायची सोय मुळातच धरलेली आहे.

फाइलवर चालणारा डेटाबेस नेटवर्कवर ठेवला की तो स्लो का होतो, तर बहुतेक जण केबलला दोष देतात, गिगाबिट लाइन घ्या म्हणतात, पण खरी अडचण असते उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची. समजा एक कमांड सर्व्हरला ५००० वेळा छोटं छोटं काहीतरी विचारते. ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, दर वेळी अर्धा मिलिसेकंद गेला तर अडीच सेकंदात काम झालं, तेच घरून व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, दर वेळी ३० मिलिसेकंद गेले तर अडीच मिनिटं बसून राहायचं, आणि लाइन कितीही जाड घेतली तरी हा वेळ कमी होत नाही. शिवाय मधेच कनेक्शन तुटलं तर अर्धवट लिहिलेला डेटा खराब होऊ शकतो.

म्हणून एकटा माणूस काम करत असेल तर प्रोजेक्ट लोकल एसएसडीवर आणि रोज संध्याकाळी बॅकअप सर्व्हरवर, हेच बरं. लोकलचा मोठा धोका म्हणजे दोन कॉपी होणं. एकाने पुण्यात ऑफिसमधे टर्मिनल (वायर जोडायच्या जागा) वाढवले, दुसऱ्याने साइटवर लॅपटॉपवर वायर नंबर बदलले, आता खरं कुठलं ते कोण सांगणार, आणि पॅनेल तर जुन्या प्रिंटवर वायरिंगला गेलेलं असतं. ईप्लॅनमधे बॅकअप घेताना मूळ प्रोजेक्ट लॉक करायचा पर्याय आहे, साइटवर नेताना तो वापरावाच. दोघातिघांना एकाच प्रोजेक्टवर बसायचं असेल तर मात्र सर्व्हरच हवा, लॅन पण केबलचं, वायफाय नको. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमधे चालू प्रोजेक्ट अजिबात ठेवू नये, कारण तिथे प्रत्येक फाइल आपापल्या वेळेने वर जाते आणि डेटाबेसच्या फायलींचा एकमेकींशी मेळ राहत नाही.

पार्ट्सचा डेटाबेस, म्हणजे वापरायच्या नगांची यादी, ही वेगळी गोष्ट, तो सगळ्यांना एकच हवा म्हणून सर्व्हरवरच. तो मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलमधे ठेवला तर तिला २ जीबीची मर्यादा आहे, माणसं वाढली की एसक्यूएल सर्व्हरवर जावं लागतं, त्याची एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, एका डेटाबेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबीची मर्यादा होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. आणि घरून काम करणाऱ्याने व्हीपीएनवरून प्रोजेक्ट उघडण्यापेक्षा रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्याच पीसीवर बसावं, मग डेटाबेस जागच्या जागी राहतो आणि लाइनवरून फक्त स्क्रीन येते.