डॉक्टरचा ताठा आणि डॉक्टरचं कमी लेखणं, दोन्ही एकच नव्हे

डॉक्टर नीट बोलला नाही की आपण सगळे एकच म्हणतो, माज आलाय त्याला. बँकेतल्या माणसाला पण तेच, पंचायतीतल्या क्लार्कला पण तेच. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच दावणीला बांधतो असं मला वाटतं, आणि त्यामुळे ज्यात पेशंटचं जास्त नुकसान होतं तीच नजरेतून सुटते.

ताठा म्हणजे माणूस स्वतःला मोठा समजतो, बस. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, आमदार असला तरी तोच तोरा आणि शेतकरी असला तरी तोच. कमी लेखणं म्हणजे समोरच्याला काही कळत नाही हे आधीच ठरवून बोलायला सुरुवात करणं, आणि हे बऱ्याचदा अगदी गोड आवाजात होतं. खूण एकच बघायची, तोच डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी कसा बोलतो. ताठ असलेला तिथेही ताठच राहणार, ज्युनिअरने काही सुचवलं तर "मला शिकवू नकोस" म्हणणार. कमी लेखणारा तिथे एकदम नम्र, "सर, तुमचं काय मत" वगैरे, आणि लगेच खुर्ची फिरवून सत्तरी तालुक्यातून आलेल्या म्हातारीला सांगणार, "काय आजी, शहाण्यासारख्या गोळ्या घ्यायच्या हां, नाहीतर इंजेक्शन देईन."

माझी आत्या गोव्यात वाळपईच्या बाजूला राहते. काजूच्या मोसमात अजून स्वतः बिया गोळा करायला जाते, बचत गटाचा हिशेब तिच्या वहीत असतो आणि तो पैशापैशाला जुळतो. हार्टचा त्रास सुरू झाल्यापासून तिला लघवी होण्याची गोळी चालू आहे, पायाला सूज येऊ नये म्हणून. तपासणीला मी बरोबर जातो तर डॉक्टर सगळं मलाच विचारणार, जेवतात का, झोप लागते का, संडासला साफ होते का, आणि आत्या मधे बसलेली, हातात गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी, प्रत्येक पाकिटावर पेनाने सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं. पायाची सूज काही उतरत नव्हती म्हणून दोन वेळा डोस वाढवला. डॉक्टर प्रेमाने बोलायचा, पाठीवर हात ठेवायचा, आत्याला तो आवडायचा पण. पुढे तो बदलून गेला आणि एक नवीन डॉक्टरीण आली, तिने खुर्ची ओढली आणि आत्यालाच विचारलं, गोळी रोज घेता का, कधी चुकते का. आत्या म्हणाली, ज्या दिवशी पणजीला किंवा म्हापशाला जायचं असतं त्या दिवशी घेत नाही, बसमध्ये दर अर्ध्या तासाने लागते, उतरणार कुठे? आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस तर ती बाहेर असतेच. डॉक्टरीण म्हणाली, मग त्या दिवशी घरी आल्यावर दुपारी घ्या, फक्त रात्री उशिरा नको. एवढंच होतं. डोस परत पहिल्याएवढा केला.

पहिल्या डॉक्टरकडे ताठा औषधालासुद्धा नव्हता. हुशार होता, चांगल्या स्वभावाचा होता, फक्त त्याच्या हिशेबात आत्याला सांगण्यासारखं काही असूच शकत नव्हतं.

आता उलट बघा. आमच्या शेजाऱ्याच्या गळ्यात गाठ होती, तो एका मोठ्या सर्जनकडे गेला. सर्जनने मान वर केली नाही, ज्युनिअरला सगळ्यांसमोर गप्प केलं, "माझ्याइतक्या गाठी गोव्यात कोणी काढल्या नाहीत" असं स्वतःच सांगितलं. पण गाठ कसली वाटते, काढली नाही तर काय होऊ शकतं, काढताना आवाजाच्या नसेला धोका किती, आवाज बसला तर काय करता येतं, हे सगळं त्याने खडखडीत सांगितलं, आणि काय समजलं ते शेजाऱ्यालाच परत बोलून दाखवायला लावलं. शेजारी बाहेर आला तो शिव्या देतच, पण त्याला आपल्या गाठीबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं माझ्या आत्याला आपल्या हार्टबद्दल कधीच माहीत नव्हतं.

म्हणजे ताठा चालतो असं मी म्हणत नाही, ताठ्याने माणसं मेलीत. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात १८४७ मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूतीच्या वॉर्डात येण्याआधी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, कारण डॉक्टर मंडळी मुडदे फाडून थेट बाळंतिणींना तपासायला यायची. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे १८ टक्क्यांच्या आसपास बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये ते प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ आलं. तरी तेव्हाचे अनेक मोठमोठे डॉक्टर हे मानायला तयार नव्हते, आमच्या हातांमुळे बायका मरतात हे ऐकून कोण घेणार. पण गंमत अशी की सेमेलवाइस स्वतः पण कमी ताठ नव्हता, पुरावे नीट छापायला त्याने वर्षानुवर्षं लावली आणि मग विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हणाला. बरोबर असलेला माणूस पण ताठ असू शकतो, आणि त्याचंही नुकसान शेवटी बाळंतिणींनाच झालं.

ताठ्यावर निदान बाहेरून लगाम घालता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनची चेकलिस्ट काढली, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, कारण एकदा तोंड उघडलेली नर्स गडबड दिसली तर पुन्हा बोलते. वेगवेगळ्या देशांतल्या ८ हॉस्पिटलात ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. सर्जनचा स्वभाव कोणी बदलला नाही.

शिवाय ताठ्याचा आवाज होतो. २०२५ च्या जूनमध्ये बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर एका डॉक्टरला झापलं, सस्पेंड करा म्हणाले, तो व्हिडिओ सगळ्या गोव्याने बघितला, डॉक्टर रस्त्यावर उतरले, सस्पेन्शन होणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. दिसतं म्हणून त्याच्याविरुद्ध उभं राहता येतं. माझ्या आत्याच्या पाठीवर ठेवलेल्या हाताचा व्हिडिओ कोण काढणार, आणि काढला तरी लोक म्हणतील किती प्रेमळ डॉक्टर.

आणि हो, ओपीडीत बाहेर दीडशे लोक उभे असताना डॉक्टर दोन शब्दांत बोलला तर ते यातलं काहीच नव्हे, तो दमलेला माणूस असतो.

रोजच्या जगण्यात पण हेच. बाहेरून येऊन असगावला घर घेतलेला माणूस रस्त्यात गाडी आडवी लावून "तुला माहितीये मी कोण" म्हणतो तो ताठा, त्याच्याशी भांडता येतं. पण तोच हसून म्हणाला की तुम्ही गोव्याचे लोक किती सुशेगाद, कसलं टेन्शनच नाही तुम्हाला, तर काय बोलणार? पहाटे उठून पाव वाटत फिरणारा पदेर, मध्यरात्री मासे धरायला होडी काढणारा रापणकार, हे त्याच्या लेखी पडून राहणारे लोक. आणि आपणही कमी नाही, वॉर्डात एमडी झालेली मुलगी समोर उभी असते आणि आपली माणसं तिला विचारतात, बाय, मोठे डॉक्टर कधी येणार?

कमी लेखणं किती लांब जाऊ शकतं ते सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या एका निकालात दिसतं. एक बाई दुर्बिणीने पोटाची तपासणी करायला भूल घेऊन टेबलावर होती, डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले, तिच्या भल्यासाठी. कोर्टाने सांगितलं की सज्ञान बाईच्या शरीराबद्दल आईची संमती चालत नाही आणि तपासणीची परवानगी म्हणजे अवयव काढायची परवानगी नव्हे. जीव तातडीने धोक्यात नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं.

म्हणून इलाजही वेगळे. डॉक्टर ताठ असेल तर वाद घालत बसू नका, रिपोर्ट घ्या आणि दुसऱ्याला दाखवा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, लेखी मागा. कमी लेखणाऱ्यापुढे दुसरं मत फारसं कामाचं नाही कारण त्याचं निदान बहुतेक बरोबरच असतं, त्याला माहिती अर्धी मिळालेली असते. तिथे पेशंटला डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत बसवा, स्वतः मागे उभे राहा, आणि डॉक्टरने तुमच्याकडे बघून विचारलं की सांगा, तिलाच विचारा, तिला सगळं माहीत आहे.

मुळात हे सगळ्यात जास्त आपणच घरात करतो. आईला कॅन्सर निघतो आणि आपण डॉक्टरला बाहेर गाठून सांगतो, तिला काही सांगू नका, ती खचेल. तिला विचारलंय का कोणी की किती जाणून घ्यायचंय? काहींना खरंच नको असतं आणि तसं त्या सांगतात. पण काहींना जमिनीचे कागद करायचे असतात, बहिणीशी बोलायचं असतं, केमो घ्यायची की नाही ते स्वतः ठरवायचं असतं. डॉक्टरकडे जाण्याच्या आदल्या रात्री विचारा, रिपोर्ट आला की डॉक्टरने आधी तुला सांगायचं की मला, आणि ती म्हणेल तसंच सकाळी डॉक्टरला सांगा.