संडासातून बाहेर आल्यावरची प्रार्थना

ज्यू धर्मात एक प्रार्थना आहे, ती संडासला जाऊन आल्यावर हात धुऊन म्हणतात. नाव 'आशेर यात्झार'. देवाने माणूस शहाणपणाने घडवला, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या. त्यांतलं एखादं फुटलं किंवा तुंबलं तर तुझ्यापुढे उभं राहणंही जमणार नाही, असा तिचा भाव. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, ती बाबिलोनचे पंडित आब्बाये यांच्या नावावर आहे. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. मुतखड्याची कळ एकदा सोसलेला माणूस मात्र हसत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा रक्तात परत घेतात. तिथून मूत्राशयाकडे येणारी नळी जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. हा सगळा कारभार आपल्या गावीही नसतो.

कारण जे रोज मिळतं त्याची दखल घेणं मेंदू सोडून देतो. पंखा चालू असताना त्याचा आवाज ऐकू येत नाही, वीज गेली की लगेच कळतं. पगारवाढीचंही तसंच, काही महिन्यांत ती अंगवळणी पडते.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. पुढच्या अभ्यासांत परिणाम दिसला तो माफकच. नैराश्यावरचा इलाज म्हणून वही घेऊन बसू नये. आणि गंमत म्हणजे, मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. कृतज्ञतेचीही सवय होते!

मग तालमूदमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेईर रोज १०० आशीर्वचनं, म्हणजे अशा छोट्या प्रार्थना, म्हणायला सांगतात, त्याचं काय?

मला वाटतं, उत्तर केळ्यात आहे. ज्यू परंपरेत खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनाला, म्हणजे बेराखाला, पदार्थागणिक वेगळे शब्द असतात. सफरचंदासाठी 'झाडाचं फळ', केळ्यासाठी 'जमिनीचं फळ', कारण केळीला लाकडी खोड नसतं आणि घड दिल्यावर तो खुंट मरतो. (वनस्पतिशास्त्रही केळीला झाड म्हणत नाही.) म्हणजे घास घेण्याआधी हातातली वस्तू आली कुठून, हे क्षणभर पाहावंच लागतं. गडगडाटाला वेगळी बेराखा, इंद्रधनुष्याला वेगळी, वसंतात मोहरलेल्या फळझाडाला वर्षातून एकदाच. रात्री आठवून यादी करायची नाही, समोर आलेली वस्तूच आठवण करून देते.

तरी पोपटपंची होतेच. हे लोक ओठांनी मान देतात, मन दूर असतं, ही तक्रार यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातही आहे. म्हणून रब्बी 'कव्वाना'वर, मन घालून म्हणण्यावर, जोर देतात.

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, नवस फिटला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गोड, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव. त्या ताटातल्या खजुराला झाडाची बेराखा, केळ्याला जमिनीची.